बावन्नवर थांबलेला काटा

३ तारीख, सोमवार
आले एकदाची सासरी! लग्नानंतर चार महिन्यांनी. नवरा कामासाठी परगावी, त्यामुळे घरात सासरे आणि मी, दोघंच. बाबांनी दार उघडलं आणि माझी बॅग बघून विचारलं, स्वयंपाकघरच उचलून आणलंस की काय. खरंच होतं ते, मिक्सर मी माझाच आणलाय. सात वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तीनशे माणसांना जेवू घातलं, एका म्हाताऱ्याला काय सोडते!

बाबांच्या अन्ननलिकेत कर्करोगाची गाठ आहे. वाट अरुंद झालीय, घास अडकतो. डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलंय की महिन्याभराने ऑपरेशन, तोवर अंगात ताकद टिकायला हवी. रोज सकाळी वजन करायचं. पन्नासच्या खाली गेलं तर त्याच दिवशी घेऊन यायचं, पोटात नळी बसवून अन्न देतील. आज त्रेपन्न भरले.

बाबांनी जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले. मागच्या खोलीत अजून त्यांचं कामाचं टेबल आहे. वर वजनं ओळीने मांडलेली, खाली रिकामे डबे.

६ तारीख
बावन्न. सूप गाळून दिलं, दुधात केळं फिरवून दिलं, अंड्याचं कस्टर्ड केलं, तरी एक किलो गेलं. नळ मोठा सोडून रडून घेतलं. बाबांना ऐकू गेलं नसावं.

९ तारीख
बावन्नच! टिकलं! मी स्वयंपाकघरात चक्क नाचले आणि कॅलेंडरवर लाल गोल काढला. जेवताना समोर कुणी असलं की घोट उतरत नाही म्हणतात बाबा, म्हणून वाटी मागच्या खोलीत नेतात. परत येते ती लख्ख धुतलेली. इतका गुणी सासरा कुणाला मिळतो?

१२ तारीख
बावन्न. सहज मीही काट्यावर उभी राहिले, तर तीन किलो वाढलेय! उरलंसुरलं पोटात ढकलायची खोड, दुसरं काय. बाबांना सांगितलं तर ते हसले नाहीत. त्यांनी पट्ट्याला नवं भोक पाडलंय.

१७ तारीख
बावन्न. बाबांचं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरतं. गालाची हाडं वर आलीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन टिकलंय ना, मग काळजी नको. काटा कशाला खोटं बोलेल? मग माझे डोळे—

२० तारीख
बावन्न. न्हाणीघराच्या दारात बाबांचा तोल गेला. मी सावरायला गेले आणि त्यांना उचललंच. एकटीने. कॅन्टीनमध्ये बटाट्याचं पन्नास किलोचं पोतं आम्ही दोन बायका मिळून कसंबसं उचलायचो. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, आकडा बघ, मनाला लावून घेऊ नकोस.

मला भीती वाटते.

२२ तारीख, दुपार
बाबा झोपलेत. मागच्या खोलीत वास. टेबलाखालचे डबे रिकामे नाहीत. झाकणं घट्ट लावलेली. सूप. कस्टर्ड. दूध-केळं. सगळं माझ्या हातचं. एकवीस डबे.

मग बावन्न कसे?

वीस किलोचं वजन काट्यावर ठेवलं. काट्याने पंचवीस दाखवले.

वीसचे पंचवीस. म्हणजे बावन्न म्हणजे— साडेएक्केचाळीस.

२२ तारीख, तीन वाजता
डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. गाडी पाठवतेय म्हणाल्या. ऑपरेशन आता हे शरीर सोसणार नाही बहुतेक. नळी तरी बसते का बघू. दहा दिवस आधी आणलं असतं तर—

बाबांना विचारलं. म्हणाले, नळ सोडलास तरी रडणं ऐकू येत होतं गं पोरी. एवढ्या मायेने करतेस, चार घोटांवर उतरत नाही हे कोणत्या तोंडाने सांगू? काटा थांबला की नाचायचीस. म्हणून रोज स्प्रिंग थोडी—

मी नाचले. मी लाल गोल काढले. मीच—

२२ तारीख, गाडी येईपर्यंत
बाबांनी काटा नीट केला. स्क्रू हातातून दोनदा पडला. आता खरा आहे म्हणाले. वर उभे राहिले. वाच म्हणाले, आणि रडायचं नाही, रोजच्यासारखा गोल काढ.

बघताहेत माझ्याकडे. हसायला हवं. लाल पेन— एक्केचाळीस, बाबा, एक्केचा—