‘अनॉन’चं घरातलं वाक्य

६ फेब्रुवारी
‘सॅड’ शब्द झाला. जुन्या इंग्रजीत अर्थ काय, तर पोट भरलेला, तृप्त! मग भरून जड झालेला, मग गंभीर, आणि शेवटी दुःखी. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, “घरातलं वाक्य दे.” शाळेत इंग्रजी शिकवायच्या तेव्हापासूनची त्यांची शिस्त. आम्ही दोघी करतोय त्या जुन्या इंग्रजी शब्दांच्या कोशाच्या प्रत्येक कार्डावर आधी अर्थ, मग जुन्या कवितेतली ओळ, आणि शेवटी आपण घरात बोलतो तसं एक वाक्य. त्याशिवाय कार्ड पत्र्याच्या डब्यात जायचं नाही.
मी म्हटलं, “जेवून सुस्त पडलोय.” “चालेल,” म्हणाल्या.
मला यातलं काहीच होत नाही. ना भूक, ना रडू. नवरा गेल्यापासून तसंच आहे.

९ फेब्रुवारी
ताईचा फोन. तिच्या गावच्या वाचनालयात माझ्यासाठी नोकरी आहे. एक मार्चपासून. “मुलगा त्यांचा गेला, नवरा तुझा गेला, आणि दोघी शब्द कसले चिवडत बसलाय!”
आईंना सांगितलं, कोश संपला की जाईन. “जा की! मी काय कुक्कुलं बाळ आहे?” म्हणाल्या. रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. दोघींनी ती तशीच खाल्ली.

१२ फेब्रुवारी
कपडे धुतले. वाळत घातले. काढले.

१४ फेब्रुवारी
आज ‘अनॉन’. मूळ अर्थ — आत्ताच्या आत्ता, या क्षणी. पण लोक ‘आत्ता’ म्हणायचे आणि ढिम्म हलायचे नाहीत. म्हणून मग शब्दाचाच अर्थ झाला — थोड्या वेळाने. आई वर्गात हसत असतील तशा हसल्या. “माणसांनी शब्दाला आळशी करून ठेवलं बघ! हं, घरातलं वाक्य?”
आणि त्यांना आठवलं. मलाही.
त्या दिवशी पॅसेजमधला बल्ब गेला होता. नवा आणायला हा स्कूटरची किल्ली फिरवत निघाला, दारातून म्हणाला — आलोच! सिग्नलला ट्रक.
आई चहा टाकायला उठल्या. कार्ड तसंच राहिलं. पॅसेजही तेव्हापासून अंधारातच आहे, भिंत चाचपत जातो आम्ही.

१८ फेब्रुवारी
‘सिली’ परत टेबलावर! हा तर कधीच डब्यात गेला होता. जुना अर्थ धन्य, सुखी — मग भोळा, मग बावळट. घरातलं वाक्य खोडलेलं. ‘नाइस’चंही तेच.
आईंना विचारलं, तर “मला आवडलं नाही ते वाक्य.” ताई म्हणते, वय झालं, डॉक्टरला दाखव.

२१ फेब्रुवारी
औषधाच्या दुकानातून लवकर आले. आई टेबलाशी. डबा उघडा. एकेक कार्ड काढून वाक्यं खोडत होत्या — पट्टी धरून!
“विसरत नाही हो मी. डोकं ठिकाणावर आहे माझं. हे संपलं की जाशील ना तू...”
राग यायला हवा होता. आला नाही. विचारलं, “पट्टी कशाला?”
“रेघ वाकडी जाते.”
मग म्हणाल्या, “तू गेलीस की या घरात त्याच्याबद्दल मी बोलू कोणाशी? भिंतींशी?” आम्ही दोघी तरी कुठे बोलतो! मी खुर्ची ओढली. बसले आणि खोडलेली वाक्यं पुन्हा लिहायला घेतली. त्यांनीही एक कार्ड ओढलं.

२४ फेब्रुवारी
ताईने अठ्ठावीसचं तिकीट काढलं. बरं म्हटलं.

२७ फेब्रुवारी
एक ‘अनॉन’ सोडून सगळं झालं. दोघीही त्याच्याकडे बघत नाही.
संध्याकाळी वाटलं, जाण्याआधी पॅसेजमधला बल्ब तरी लावून द्यावा. एकट्या पडतील कुठे अडखळून. पर्स घेतली, चपला घातल्या, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं — आलेच!
आईंचा चेहरा पांढराफटक. मी तशीच जिना उतरले. दुसरं काय करणार?
दुकानात गर्दी होती. परत आले तर त्या दारातच, कडी धरून उभ्या. आत पोळी करपून कोळसा झालेली. मी स्टुलावर चढले, त्यांनी स्टूल घट्ट धरलं. बल्ब लागला. पॅसेजमध्ये केवढी धूळ साठली होती, बाई!

२८ फेब्रुवारी
सकाळी बॅगेवर ‘अनॉन’चं कार्ड. घरातलं वाक्य आईंच्या अक्षरात — “सून ‘आलेच’ म्हणून गेली, आणि आली.”
रडले. ओक्साबोक्शी रडले, कार्ड छातीशी धरून.
आई पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “कार्ड भिजवू नकोस गं. पुन्हा लिहिणार नाहीये मी.”