व्हर्नाचं नाव

गुरुवार, १० जुलै

पोचलो. चिखल! मागचं चाक गवतात रुतलं. मी स्टिअरिंगवर, ड्वाइट खाली फळ्या घालतोय, तोंडाने शिव्या चालू. शेजारच्या कॅम्परमधले लोक किल्ट, म्हणजे चौकड्यांचे स्कॉटिश घागरे घालून, हातात बिअरचे डबे घेऊन मजा बघत उभे. एकाने विचारलं, "कुठून आलात?" नवरा माझा म्हणाला, "कुठूनच नाही."

खोटं काय आहे त्यात? घर नदीने नेलं त्याला या सप्टेंबरात दोन वर्षं होतील. तेव्हापासून हे चाकांवरचं घर. मी, ड्वाइट, आमची दहा वर्षांची मुलगी टेस आणि सासरे, हेक्टर.

यंदाचा हा चौथा मेळा, इथे अमेरिकेत वसलेल्या स्कॉटिश कुळांचा. पुरापासून बेपत्ता असलेल्या सासूबाईंनी, व्हर्नांनी, चाळीस वर्षांत एकही चुकवला नव्हता. हेक्टर म्हणतात, "व्हर्ना स्वतःचं नाव जरी विसरली असली तरी बॅगपाइप ऐकला की येईलच." म्हणून जायचं. मधल्या दिवसांत निवारे, इस्पितळं, चर्चमधले जेवणाचे हॉल. फोटो दाखवायचा, मान हललेली बघायची, पुढच्या गावी निघायचं.

प्रवासात हेक्टर कायम माझ्या शेजारच्या सीटवर. मांडीवर नकाशा. दर तासाने, "दमलीस का, लोर्ना?" रात्री वाटीभर सूप दिलं तरी आभार मानतात. किती चांगला माणूस! त्या चांगुलपणाचाच मला राग येतो.

शुक्रवार, ११ जुलै

प्रत्येक कुळाचा तंबू वेगळा. मोठ्या कुळांचे मैदानाच्या कडेला, गालिचे काय, तलवारी काय! आमचं मॅकस्किमिंग कुळ थेट शेवटी, फिरत्या संडासांच्या रांगेला लागून. एक टेबल, एक झेंडा, सात म्हातारी माणसं. आमची टेस धरली तर वयाची सरासरी जरा खाली येते.

तंबूची सूत्रं ओपलबाईंकडे. वय एक्याऐंशी, कान तिखट. त्यांच्यापुढे निळ्या कार्डांचा गठ्ठा असतो. कुळातलं जे कोणी गेलं असेल त्याचं एकेक कार्ड. नाव, तारीख, ठिकाण. रविवारी सकाळच्या प्रार्थनेत ते सगळं मोठ्याने वाचतात आणि मग एकटाच बॅगपाइपवाला शोकधून वाजवतो.

"हेक्टर, यंदा तरी लिहायचं का व्हर्नाचं?"

"कुणी पाहिलंय तिला मेलेली?"

 ओपलबाईंनी बिस्किटांचा डबा पुढे सरकवला. मी दोन घेतली आणि बाहेर आले.

कुणी पाहिलंय! मी पाहिलंय.

लिहिलं एकदाचं. दोन वर्षांत कागदावरसुद्धा उतरवलं नव्हतं.

पुराच्या त्या सकाळी हेक्टर आणि ड्वाइट वरच्या रस्त्याला शेजाऱ्यांना बाहेर काढायला गेले होते. आम्ही तिघी घरामागच्या चढावर पोचलो होतो. पोचलो होतो! मग मला आठवलं, गाडीच्या किल्ल्या स्वयंपाकघरात राहिल्या. टेस माझ्या गळ्याला मिठी मारून. मी सासूबाईंना म्हटलं, "तुम्ही या ना जाऊन पटकन." अडुसष्ट वर्षांच्या बाईला—पटकन! त्या गेल्या. दारापर्यंत पोचल्या. मग दारच राहिलं नाही. टेसचं तोंड माझ्या जॅकेटात होतं, तिने पाहिलं नाही.

थोड्या वेळाने दोघे धावत आले. ड्वाइट ओरडला, "आई कुठंय?" मी म्हटलं, "त्या आधीच गेल्या. कुणाच्या तरी गाडीतून." निघून गेलं तोंडातून. हेक्टर नुसते धापा टाकत उभे होते.

रात्री सांगू म्हटलं. मग उद्या सांगू म्हटलं. तोवर टेनेसीतल्या एका निवाऱ्यात तशी बाई दिसल्याची बातमी आली. हेक्टर म्हणाले, "चला." आणि जे निघालो ते अजून चाललोच आहोत.

शुक्रवार, संध्याकाळ

टेस भांडी पुसता पुसता: "आई, शाळेत मुलं रोज त्याच बाकावर बसतात का गं?"

विसरली पोरगी.

शनिवार, १२ जुलै

सगळं घाईत लिहितेय. अक्षर बघा!

सकाळी मैदानावर झाडाचे ओंडके फेकण्याची स्पर्धा. आडदांड माणसं, लाल झालेल्या माना. टेस पहिल्यांदाच खुशीत होती. मी मटण भरलेले पॅटिस घ्यायला रांगेत. मागे एकदम किंचाळी. वळून बघते तर ड्वाइट! पिवळ्या रेनकोटातल्या एका बाईची बाही धरलेली, सोडायला तयार नाही. पाठीमागून सासूबाईंसारखीच दिसत होती, अगदी तशीच. पांढरे आखूड केस, खांदा जरा कललेला. बाई ओरडतेय, तिचा नवरा ड्वाइटच्या छातीवर धक्के मारतोय, आणि हा म्हणतोय, "सॉरी, सॉरी," पण बाही काही सुटत नाही. शेवटी टेसने त्याची बोटं एकेक करून सोडवली. दहा वर्षांच्या मुलीने.

नंतर ओल्या गवतात फतकल मारून बसला. "मला नाही जमत आता. घर नको, काही नको, पण कुठेतरी थांबू या. बाबांना तू सांग, लोर्ना. गेली म्हणून मान्य करू दे त्यांना. तुझं ऐकतात ते."

माझं ऐकतात!

मी म्हटलं, "बघते." त्याच्या पाठीवर हात फिरवला. तेव्हाच सांगता आलं असतं.  टेसला लघवीला लागली आणि मी देव पावल्यासारखी उठले. असली मी.

दुपारी कॅम्परमध्ये कपडे घड्या करत होते. हेक्टर वर आले, बूट दाराशी काढले. टेबलावर निळं कार्ड ठेवलं आणि शेजारी पेन.

"ड्वाइटचं समजलं मला. पुरे झालं. तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे."

मी बसले. नाव लिहिलं. तारीख म्हणून पुराची तारीख लिहिली, ते माझ्या पेनाकडे बघत होते. मग तिसरी ओळ. ठिकाण.

"बाबा, ठिकाण काय घालू?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटणार..."

"मग सावकाश लिही. उद्या आठच्या आत ओपलला दे म्हणजे झालं." बूट घातले आणि चहा प्यायला तंबूत गेले.

काहीही घालता येईल. 'माहीत नाही' म्हणता येईल. नदीचं नाव घातलं तरी चालेल, कोण विचारतंय? शोध संपेल, टेस शाळेत जाईल, ड्वाइट झोपेल. हेक्टर माझ्या सुपाचे आभार मानतील, जन्मभर. आणि मी ते ऐकत बसेन.

नाही सोसवणार मला.

रविवार, १३ जुलै, सकाळ

लिहिलं. 'स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारात.'

ओपलबाईंनी कार्ड दोनदा वाचलं. म्हणाल्या, "ठिकाणासकट वाचायचं असतं, बाई." मी म्हटलं, "माहितेय."

ड्वाइटला आधी एकट्याला गाठून सांगायला हवं होतं. चार वेळा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. चौथ्यांदा तो म्हणाला, "काय गं, किल्टचा पट्टा तिरका झालाय का?" मी पट्टा सरळ केला. भित्री ती भित्रीच. माझ्या तोंडून येत नाही म्हणून एक्याऐंशी वर्षांच्या बाईच्या तोंडून वदवून घेतेय, भर माणसांत.

बॅगपाइप सुरात लावताहेत. जाते.

रविवार, दुपार

वाचलं. ड्वाइटने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग टेसचा हात धरून बाकांच्या मधून निघून गेला. कुठे, माहीत नाही. गाडीकडे नाही आला.

हेक्टर हलले नाहीत. शोकधून संपली, माणसं उठली, तरी बसून राहिले. मग समोर बघतच म्हणाले, "वरच्या वळणावर होतो मी. ती दारापर्यंत गेली ते मला दिसलं. हाक मारली, पण तिथवर पोचली नाही." मी काहीतरी बोलायला गेले तर हात वर केला. "व्हर्नाला नव्हतो शोधत मी, लोर्ना. दोन वर्षं शेजारी बसून वाट बघत होतो, तू कधी सांगतेस त्याची."