दोन टोकांना ठेवलेल्या चपला

आई, मी बँकॉकला जाऊन आले. विमानानं, एकटी. कंपनीनं ट्रेनिंगला पाठवलं होतं आणि शेवटी साहेब म्हणाले, "इथेच वर्षभर राहाल का? सोमवारी सांगा." मधे फक्त रविवार होता. मोबाईलवर वाचून काही ठरेना, तेव्हा म्हटलं, शहर पायी फिरून बघू.

सकाळी निघाले. निम्मा फूटपाथ टपऱ्यांचा, कोळशावर मासे भाजताहेत, त्यातूनच मोटरसायकली वाट काढताहेत, डोक्यावर तारांचे गुंते. दिवाळीआधी आपल्या मेन रोडवर असते तशी गर्दी, फक्त हॉर्न नाहीत. मी दर वळणावर मागे बघत होते. तूच शिकवलेलं, जाताना एकदा मागं बघून घे, येताना रस्ता तसाच दिसतो. फुलबाजारातून, कालव्यावरचा पूल ओलांडून दुपारी एका बुद्धविहारापाशी आले. पायऱ्यांवर चपलाच चपला. माझ्या हातांनी मला न विचारता एक सँडल पायरीच्या या टोकाला ठेवली, दुसरी त्या टोकाच्या कुंडीमागे.

एका बुद्धपौर्णिमेला कॉलनीतल्या विहारातून माझ्या नव्या चपला गेल्या, तेव्हापासूनचा तुझा नियम. "जोडी दिसली की उचलत्यात. एकट्या चपलेला कोण विचारतंय?" माझी एक चप्पल तू ठेवायचीस, एक मी, निघताना जिनं जी ठेवली तिनं ती आणायची. शाळेआधीची माझी शाळा म्हणजे तूच. भाकरी थापताना तू मला आधी त्रिशरण शिकवलंस, मग बाराखडी. शब्द चुकला की ओरडायची नाहीस, नुसता हात थांबायचा. मी नववीत असताना तू गेलीस, पण काही चुकेल असं वाटलं की तो थांबलेला हात अजून दिसतो.

आत बसते, डोळे मिटते, पण मन कुंडीमागे. चोरीला गेल्या तर अनवाणी हॉटेलपर्यंत कशी जाऊ? असल्या मुलीनं इथे वर्ष काढायचं? एवढ्यात भिक्खू म्हणू लागतात. चाल वेगळी, शब्दांचे शेवट नाकातून लांबवलेले, पण शब्द तेच. बुद्धं सरणं गच्छामि. मी हळूच सूर धरला. एवढ्या अनोळखी शहरात पुढचा शब्द मला ठाऊक होता. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत सँडल विसरले होते.

बाहेर आले तर पहिली जागेवर नाही. कुंडीमागचीही नाही. मी पायऱ्या वरखाली धुंडाळू लागले. पायरीखाली कमळाच्या कळ्या विकणारी एक आजी माझी धावपळ बघत होती. तिनं हाक मारून बोट दाखवलं. तिच्या छत्रीच्या सावलीत दोन्ही सँडल शेजारी शेजारी, पाय घालायला तयार. तिनं दोन बोटं लांब धरून तोंड वाकडं केलं, मग ती जुळवून दाखवली आणि बराच वेळ काहीतरी बोलली. शब्द एकही कळला नाही, सूर तुझाच: अशी कशी गं तू वेंधळी. मी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं. परतताना दोनदा रस्ता चुकले, दोनदा विचारून सापडला.

सोमवारी हो म्हणाले. पुढच्या महिन्यात निघते.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून सांगते. परवा आपल्या विहारात चपला पुन्हा दोन टोकांना ठेवल्या. भीती नव्हती, जुन्याच होत्या. निघताना माझी एक मी आणली आणि जरा वेळ तशीच उभी राहिले, दुसरी तू आणशील म्हणून.