घरापुढचा हाहा

बिशान, सिंगापूर
८ फेब्रुवारी २०२५

सौ. मेधावन्सं यांस,
स. न. वि. वि.

त्या सकाळी मी तुमच्या दादांचे शर्ट बांबूवर ओवून स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर वाळत घालत होते. गॅसवर डाळीचा कुकर होता आणि हे टेबलाशी बसून तुमचं पत्र मोठ्याने वाचत होते. मार्लबेक हॉल या जुन्या हवेलीला धुराडी किती, मालकांचे जिने कुठे, नोकरांचे कुठे, स्वयंपाकघर जेवणघरापासून किती लांब. मी म्हटलं, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. ह्यांनी धुराडी मोजली, शिट्ट्या मोजल्या नाहीत. दुपारी आम्ही डाळीची पेज प्यायलो.

काल तुमचं पत्र आलं. ते मीच मोठ्याने वाचलं, शिट्ट्याही मीच मोजल्या. म्हणून ती सकाळ आठवली.

हे गेल्यावर महिन्याला एक पत्र लिहायचं काम मी अंगावर घेतलं, त्याला आता दोन वर्षं होतील. ह्यांच्यासारखं अक्षर नाही, चालवून घ्या. तुम्ही पाकिटावर अजून 'सौ.' लिहिता. चुकून की मुद्दाम, ते विचारत नाही.

लायब्ररीतून इंग्रजी हवेल्यांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलंय. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचते. तुम्ही जिथे पाहुण्यांना फिरवून माहिती सांगता ते घर मला आता बरंच कळायला लागलंय. मूळचं चारशे वर्षांपूर्वीचं, विटांचं. पुढे कुणा वंशजाला विटांची लाज वाटली आणि त्याने दर्शनी बाजूला दगड आणि खांब चढवले. म्हणजे पुढून देऊळ, मागून वीटभट्टी. आणि स्वयंपाकघर जेवणघरापासून इतकं लांब, की सूप पोचेपर्यंत गार! एवढा खर्च करताना घरातल्या एका तरी बाईला विचारायचं होतं.

एक मात्र समजलं नाही. तुम्ही लिहिलंय, "घरापुढे मोठी हिरवळ आहे आणि तिच्या टोकाला हाहा आहे." मी तीनदा वाचलं. हसायचं तर मोकळेपणी हसा, वन्सं. पण हिरवळीत हसण्यासारखं काय आहे?

निशिकांतरावांना नमस्कार. हसणं आवरलं की उत्तर लिहा, आणि माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
नीलिमावहिनी

मार्लबेक, इंग्लंड
२३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र निशिकांतला वाचून दाखवलं. त्याला हसताना ठसका लागला. पाणी द्यावं लागलं.

अगं, हाहा म्हणजे खंदक! खरंच तेच नाव आहे. हिरवळ संपते तिथे जमीन खणलेली आहे. घराकडची बाजू दगडाने सरळ बांधलेली, पलीकडची उतरती. दिवाणखान्यातून बघणाऱ्याला ना भिंत दिसते ना कुंपण. हिरवळ थेट चरणाऱ्या गायींपर्यंत गेली आहे असंच वाटतं. गाय मात्र उतारावरून खाली येते, समोर भिंत बघते आणि मुकाट्याने मागे फिरते. अचानक पायाशी खंदक दिसला की माणूस "हा हा!" म्हणतो, म्हणून ते नाव, असं सांगतात. मी काही शपथ घेणार नाही.

'सौ.' मुद्दामच लिहिते. ह्या घराच्या दर्शनी भिंतीत डावीकडे एक खिडकी आहे. तिच्यामागे खोली नाही, नुसती भिंत. उजवीकडच्या खिडकीला जोड हवी म्हणून चौकट बसवली आणि काचा रंगवल्या. अडीचशे वर्षांत ती कुणी काढली नाही. मग माझा 'सौ.' मी का काढू?

ते दगडी खांब ज्या पैशातून उभे राहिले, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत बंगालमध्ये कमावलेला. हे मी प्रत्येक फेरीत सांगते. तेवढ्यात काही पाहुण्यांना नेमकं घड्याळ बघायचं असतं.

आता कामाचं. छप्पर गळतंय, म्हणून ऑक्टोबरपासून घर बंद होणार. काम कित्येक वर्षं चालेल आणि उघडेल तेव्हा माहिती सांगायला मी नसेन, माझे गुडघे तेवढे टिकणार नाहीत. दादाला आणि तुला हे घर मी दाखवणार होते. दादा राहिला. तू जूनमध्ये ये. सकाळी गवत ओलं असतं, चपला चालणार नाहीत, चांगले बूट आण.

वाट बघते. रागावलीस तरी चालेल, पण ये.

तुझी,
मेधा

बिशान, सिंगापूर
१० मार्च २०२५

सौ. मेधावन्सं यांस,
स. न. वि. वि.

खंदकाला हाहा म्हणणाऱ्या लोकांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं, हे आज प्रथमच लाजिरवाणं वाटलं. आणि बंगालचा पैसा असेल तर त्या खांबांतला एखादा आपलाच समजा. तुम्ही रोज त्यावर नजर ठेवताच आहात.

जूनचं मात्र जमेलसं दिसत नाही. सूनबाईला, अंजलीला, वन-नॉर्थच्या ऑफिसातून यायला आठ वाजतात, सारंग दौऱ्यावर, मग गार्गीच्या पोटाचं कोण बघणार? ती चौदाची झाली आणि भात लावता येत नाही. तिला विचारलं तर म्हणते, "आजी, just go lah, हॉकर सेंटर आहे ना!" त्या खाण्याच्या टपऱ्यांच्या भरवशावर मी मूल सोडून येऊ? शिवाय गुडघा. एवढ्या लांबच्या विमानात तो धरेल. तुमचे गुडघे दुखतात ते मला पटतं, मग माझा तुम्हाला पटायला हवा.

तुम्ही फोटो पाठवा. मी पुस्तकाशेजारी ठेवून बघेन, म्हणजे बघितल्यासारखंच.

इकडे सर्व ठीक. रागावू नका, आणि रागावलात तरी पत्र चुकवू नका.

तुमची,
नीलिमावहिनी

मार्लबेक, इंग्लंड
२५ मार्च २०२५

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सारंगला फोन केला होता. तो म्हणाला, आईचा गुडघा रोज सकाळी बिशानच्या बागेला दोन फेऱ्या मारतो. आणि गार्गीचं हॉकर सेंटरशी तुझ्या स्वयंपाकापेक्षा जास्त सूत आहे, हेही कळलं. माझ्यावर चिडलीस तर भाच्यावर काढू नकोस, मी खोदून विचारलं.

वहिनी, तुझी पत्रं किती छान असतात. सूप, धुराडी, गार्गी, थट्टा. वाचताना वाटतं, सगळं सपाट हिरवं आहे, थेट माझ्यापर्यंत. मी आनंदाने चालत येते आणि प्रत्येक वेळी त्याच जागी अडते. मी गायीच्या बाजूला उभी आहे, गं. मला भिंत दिसते.

दादा माझाही होता. ह्या घरात फिरताना तो काय म्हणाला असता, हे विचारायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही.

आमच्या खंदकावर एका ठिकाणी लाकडी पूल आहे. गायी त्यावर पाय ठेवत नाहीत. माणसांना हरकत नाही.

तुझी,
मेधा

बिशान, सिंगापूर
८ एप्रिल २०२५

सौ. मेधावन्सं यांस,
स. न. वि. वि.

स्वतःला गाय म्हणवून घेऊन मला निरुत्तर करायचं, ही तुमची जुनी खोड. माझ्या लग्नातही तुम्ही रडून माझी हिरवी साडी नेली होती.

खरं सांगते. ते घर ह्यांनी बघायचं होतं. मी गेले नाही तोवर, आमचं दोघांचं जायचं राहिलंय. मी एकटी जाऊन आले, की ह्यांचं बघायचं राहून गेलं हे पक्कं होईल. म्हणून गुडघा.

त्या सकाळी कुकर विसरायचं कारणही तुम्हाला सांगितलं नव्हतं. हे म्हणाले होते, आपण गेलो की तू स्वयंपाकघरातून निघ, मी जेवणघरात बसतो, सूप खरंच गार होतं का बघू. मी म्हटलं, म्हणजे तिथेही मीच वाढायचं? ह्यावर आम्ही दोघं हसत बसलो आणि शिट्ट्या गेल्या.

जूनमध्ये जेवणघरात तुम्ही बसा. मी चालत येते. सारंगला व्हिसाचं बघायला सांगितलंय. तो लगेच माझा पासपोर्ट शोधायला आत गेला.

पुलाशी उभ्या राहा. माया धरून असा, आणि हात धरायलाही या.

तुमची,
नीलिमावहिनी

ता. क. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी पाया लेबारच्या बाजारात गेले आणि ओल्या गवतात चालायचे बूट घेतले. दुसरा जोड निम्म्या किमतीत, अशी पाटी होती. मी एकच जोड घेतला.