चार नंबरखालचा पुठ्ठा

प्रिय ताई,

झाडू पुढे धरून मी चार नंबर बसभोवती दुसरी फेरी मारत होतो, तेव्हा तुझा फोन आला. माझा मोबाइल नियमाप्रमाणे दाराबाहेरच्या पत्र्याच्या डब्यात होता. तुझ्यासाठी वेगळी रिंग लावली आहे, ती ऐकू आली. बाहेर जाऊन घेता आला असता. घेतला नाही. फेरी पूर्ण केली, वहीत वेळ लिहिली आणि अवजारांच्या खोलीत येऊन बसलो. आता चार वाजलेत. उद्या अकराला तुझी समितीपुढे बैठक आहे, म्हणजे तुला आज बोलायला वेळ नसणार आणि मला धीर नाही. म्हणून पत्र.

हायड्रोजनची ज्योत उजेडात दिसत नाही, म्हणून पूर्वीचे लोक झाडू पुढे धरून चालत आणि झाडू पेटला की थांबत, हे डेपोतल्या आम्हा मेकॅनिकांना या बस शिकवायला घेतलेल्या पहिल्याच वर्गात तूच सांगितलेस. आता हातात ते पिवळे यंत्र असते, वायू लागला की टिटवीसारखे ओरडते. तरी मी झाडूही घेतो. दोन्ही मिळून माझा एक विश्वास तयार होतो. त्याच वर्गात तू चुकून मला घरच्या नावाने ढब्बू म्हणालीस आणि तेव्हापासून अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला सगळा डेपो ढब्बू म्हणतो. ड्रायव्हरकाका रोज विचारतात, 'काय ढब्बूशेठ, आज झाडलोट की दुरुस्ती?'

परवा घरी जुनी पेटी उपसताना रेडिओ सापडला. बाबांचा. पाठीमागचे झाकण अजून तसेच, दोऱ्याने बांधलेले. तुला ती दुपार आठवत असेल. तू तेरा वर्षांची, मी नऊचा. काचेच्या पेल्यात पाणी, त्यात चिमूटभर खायचा सोडा, पेन्सिलची दोन शिसे, दोन तारा. एका शिशावर बुडबुडे जास्त येत होते. तू त्यावर औषधाची बाटली पाण्याने भरून पालथी धरलीस, हळूहळू रिकामी होऊ दिलीस आणि तोंडाशी काडी नेलीस. फट् असा एवढासा आवाज झाला. मी पलंगाखाली. तू बाटली दाखवून म्हणालीस, 'बघ, आत परत पाणी झालं.' मी पलंगाखालूनच म्हणालो, बाटली आधीच ओली होती. तू म्हणालीस, 'बरोबर आहे तुझं. हे सिद्ध होत नाही.' दुसरी कोणी असती तर मला एक टपली मारली असती.

संध्याकाळी बातम्यांच्या वेळी रेडिओ बोलेना. त्याचे सेल मी काढले होते, आपल्या तारांना जोडायला. तू फक्त पाण्याचा प्रयोग करू म्हणाली होतीस, सेल कुठून आणले हे तुला माहीतही नव्हते. बाबांनी विचारले, कोणी हात लावला. मी तुझ्याकडे पाहिले. तू म्हणालीस, मी. शिक्षा म्हणून त्या शनिवारची तुझी सहल बुडाली. आईने सहलीसाठी केलेला खाऊ मी खाल्ला. यावर आपण कधी बोललो नाही. मला वाटायचे, तू विसरलीस.

तुझ्या हायड्रोजनच्या सहा बसगाड्या डेपोत आल्या त्या दिवशी मी तुझ्याकडे बघत होतो, बसकडे नाही. या गाड्यांसाठी सहा वर्षे तू ज्या दारांवर जात होतीस त्या दारांतले निम्मे साहेब तिथे हार घेऊन उभे होते. पहिले दोन महिने डेपोत नुसती करमणूक होती. ड्रायव्हरकाकांची तक्रार अशी, की इंजिनाचा आवाज नसल्यामुळे मागच्या बाकावरची कुजबुज ऐकू येते आणि निम्मी कुजबुज त्यांच्याविषयीच असते. टपावरच्या टाक्यांना मुले पाण्याच्या टाक्या समजायची. मला स्वतःला आठवडाभर हात कुठे ठेवावा कळेना. तीस वर्षे मी नाकाने आणि कानाने गाड्या तपासल्या. याला वास नाही, आवाज नाही, रंग नाही. पेट्रोलची वाफ खाली बसते, हा वर पळतो. माझे सगळे शिकलेले उलटे झाले.

पण तू कधी खोटे बोलली नाहीस, हे मी सर्वांना सांगतो. समितीतला तो बॅटरीवाला तुला भर बैठकीत म्हणाला, 'बाई, हा द्राविडी प्राणायाम आहे. विजेने पाण्यातून वायू काढायचा, तो दाबायचा, वाहून आणायचा आणि गाडीत त्याची पुन्हा वीज करायची. सरळ वीजच भरा की.' मी मागे उभा होतो. मला वाटले, आता तू तुटून पडशील. तू म्हणालीस, बरोबर आहे, निम्म्याहून जास्त वीज वाटेत जाते. शिवाय आज आपल्याला मिळणारा वायू पाण्यातून नाही, नैसर्गिक वायूपासून येतो, म्हणजे धूर इथे नसला तरी तिकडे आहे. छोट्या गाड्यांना बॅटरीच बरी, हेही तूच म्हणालीस. मग म्हणालीस, जी बस पहाटेपासून चढउतार करत चारशे किलोमीटर जाते, जिला मध्ये तीन तास उभे राहणे परवडत नाही, तिला दहा मिनिटांत भरून देणारे दुसरे काय आहे ते मला दाखवा. दाखवा म्हणजे मी सामान आवरते. बॅटरीवाल्याने चष्मा पुसला. तेव्हा मला वाटले होते, ताई, हे चालेल. वायूमुळे नाही, तुझ्यामुळे.

आता पुठ्ठ्याचे सांगतो. माझ्या वस्तादांचा नियम तुला माहीत नाही. दुरुस्त केलेल्या प्रत्येक गाडीखाली रात्रभर पुठ्ठा टाकायचा. सकाळी पुठ्ठा कोरडा, तर गाडी बाहेर. तेलाचा डाग असला, तर त्याभोवती पेन्सिलने गोल काढायचा, खाली आपले नाव लिहायचे आणि पुठ्ठा भिंतीला लावायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. वस्ताद म्हणायचे, गाडी गळते म्हणजे तू गळतोस. पहिल्या वर्षी भिंतीवर माझे अकरा पुठ्ठे होते. नंतरच्या सगळ्या वर्षांत मिळून दोन. तुझ्या बसखाली मात्र रोजचा पुठ्ठा ओला. मला ठाऊक होते की वायूपासून वीज होताना तयार होणारे ते पाणीच आहे, की बस चालली याचीच ती खूण आहे, की बस बंद केल्यावरही काही वेळ ते टपटपत राहणार. तू समजावले होतेस, मी इतरांना समजावत होतो. डोक्याला पटले होते. तरी रोज सकाळी तो ओला पुठ्ठा उचलताना माझी मान खाली जायची. त्याखाली नाव लिहावे तरी कसे? दुपारपर्यंत डाग वाळून जायचा. मग मी पुठ्ठे टाकणेच सोडले. मग त्या पाण्यावरून सफाईवाल्या मावशी घसरल्या, कोपर सुजले. 'पोरा, तुझ्या गाडीला लंगोट बांध,' म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो.

चार नंबर चढावर बंद पडली ती सकाळ तुला मी सांगायला नको. चौतीस माणसे खाली उतरली. काही शाळेची मुले होती, त्यांना मजा वाटली. एक आजी पिशवी घेऊन उरलेला चढ चालत गेल्या आणि जाताना बसला थोपटून गेल्या. दुपारपर्यंत फोटो सगळीकडे. त्यानंतर बारा दिवस तुझी माणसे त्या बसचे पोट उघडून बसली होती. नळी न् नळी तपासली. सगळे ठीक. तू एकदा माझ्याजवळ येऊन पायरीवर बसलीस, चहा तसाच थंड झाला. म्हणालीस, दोष सापडला असता तर चाललं असतं रे, दोष दुरुस्त करता येतो. काही सापडत नाही याला मी काय उत्तर देऊ? अहवालात तू लिहिलेस, कारण अज्ञात, जबाबदारी माझी. 'कारण अज्ञात' या दोन शब्दांवर उद्या सहाही बस परत जातील आणि वायू भरण्याचा पंप उखडला जाईल, हे डेपोत सगळ्यांना कळले आहे.

कारण अज्ञात नाही, ताई. आदल्या दिवशी समिती डेपो बघायला आली होती. बाकीच्या पाच बस फेरीवर होत्या, चार नंबर एकटीच आत उभी होती आणि खाली टपटप चालू होती. साहेब येणार, फरशी ओली, माझे वर्कशॉप. मी पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीत एक रबरी बूच बसवले. अर्ध्या तासात काढणार होतो. समितीचे अध्यक्ष माझ्याजवळ थांबले, म्हणाले, इतकं कोरडं, स्वच्छ वर्कशॉप आम्ही पाहिलं नाही. मी फुगलो. त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो आणि तिथूनच घरी. पहाटे काकांनी बस काढली. हवा वरच्या दुसऱ्या नळीने बाहेर जात राहिली, पाणी साचत गेले, चढावर बस मागे कलली आणि ते पाणी उलटे, वीज तयार होते त्या भागात शिरले. ओढून आणायला मीच गेलो होतो. सगळ्यांच्या आधी खाली शिरलो, बूच काढले, खिशात टाकले. बादलीभर पाणी रस्त्यावर वाहून गेले, कोणी पाहिले नाही. बाहेर आलो तर तू समोर. तू विचारलेस, 'ढब्बू, तुला काही दिसलं?' मी नाही म्हणालो. तू वहीत लिहिलेस, मेकॅनिकची पाहणी, काही आढळले नाही. माझ्या शब्दावर तू त्या नळीबद्दल शंकाच घेतली नाहीस. बारा दिवस मी तुला रोज चहा आणून दिला. हा वायू पुढे चालेल की नाही, मला माहीत नाही. बॅटरीवाल्याचे म्हणणे खरे ठरेलही. पण हरायचाच असेल तर तो त्याच्या दोषाने हरू दे, माझ्या बुचाने नको. उद्या तू एकटी आत जायची नाहीस. यावेळी बाबांपुढे मी उभा राहतो.

तुझाच,
ढब्बू

सकाळी लिहितो आहे. सहाला येऊन चार नंबर अर्धा तास चालवली, मग बंद केली. खाली नवा पुठ्ठा टाकला होता. मधोमध डाग पडला. पेन्सिलने गोल काढला, खाली नाव लिहिले, ढब्बू नव्हे, पाळण्यातले. बूच या पत्राच्या पाकिटात आहे. पुठ्ठा घेऊन तुझ्या ऑफिसच्या जिन्यात बसलो आहे. पावणेनऊ झाले. तू अजून आलेली नाहीस.