लेकीने तपासलेला चीक

वस्ती, ता. कळमनुरी
१४ नोव्हेंबर २०२४

चि. सीमास,

आबाचे आशीर्वाद. इकडे सात शेळ्या व्याल्या, दोघींना जुळी. आई म्हणते, लिहा तिला, वेळेवर जेवत जा म्हणून.

मागच्या आठवड्यात तुझा फोन आला. चिकाच्या भुकटीच्या गोळ्या कॅन्सरवर चालतात का, हे तुम्ही प्रयोगशाळेत दोन वर्षं तपासलंत, सोबत आपल्या शेळ्यांचा चीकही. "आबा, गाठीच्या पेशींवर काहीच फरक पडला न्हाई," म्हणालीस आणि मी फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल, म्हातारा रुसला. रुसलो नव्हतो, घाबरलो होतो.

आपल्यात चीक विकत नाहीत, वाटतात. फुकट मिळतो म्हणूनच लोकांना तो औषधाहून खरा वाटायला लागला. खरं सांगू? मलाही. पार औंढ्याहून आजारी माणसं यायची आणि मी फुगून जायचो.

आता जे फोनवर बोलवलं नाही ते. रूपाआत्याची नांदेडची केमो पुरी झाली असं तुला सांगितलं, ते खोटं होतं. दोनच वेळा झाली. ओकाऱ्यांनी बेजार झाली होती. मीच म्हणालो, "कशाला तकलीफ घेतीस? चिकावर ऱ्हा." तीन महिने गेले. गाठ वाढली.

तुझा फोन ठेवला आणि तसाच तिच्या दारात गेलो. सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी होती.

ती म्हणाली, "पोरगी सवताच्या बापाला न्हाई म्हणली?"

"व्हय."

"मंग खरंच असंल. चल नांदेडला."

डॉक्टरांनी विचारलं, मधे तीन महिने का गेले. माझ्यामुळे, म्हणालो. काल केमो पुन्हा सुरू झाली. उशीर किती नडेल ते तेही सांगत नाहीत.

तिथे एका बाईने मला ओळखलं. "भाऊ, तुमच्याकडं चीक भेटतो म्हणं?" मी उभा राहिलो, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोललो, "माझ्या लेकीनं तपासलाय. ह्या रोगावर लागू पडत न्हाई. दवा सोडू नका." ऊर भरून आला गं. चीक वाटताना असं कधी झालं नव्हतं.

माझ्यावर रागाव, पण आत्याला फोन कर.

चुकलेला, तरी तुझ्या नावावर ताठ उभा राहिलेला,
तुझा आबा
लिंबाजी