किसनरावांची डाळ

चिखलदरा, ५ मे १९६३

प्रिय मनकर्णाताई,

आधी सांगते, सगळे सुखरूप आहेत आणि भिंतही पुसून झाली. या खेपेला लग्न जमलं नाही तर शाळेची नोकरी सोडून अकोल्याला परत यायचं, असं बाबांनी बजावलं होतं, ते तुला ठाऊकच आहे. त्यांना नेमका ताप आला, म्हणून हिवरखेडचे पाहुणे आले तेव्हा सोबतीला फक्त आत्या होती.

मुलाचे वडील किसनराव घरची तूरडाळ घेऊन आले आणि मुलीने हिचंच वरण करावं, अशी फर्माईश! चुलीवर पाणी खळखळतंय, डाळ आपली टणकच. जेवणाची वेळ टळली तसे किसनराव कावले. "आमच्या वावरातली डाळ हाय, शिजत काहून नाई?" आत्याने तर कपाळालाच हात लावला. मग मी झाकणाभोवती कणीक थापली आणि वर वरवंटा ठेवला. किसनराव डोकावायला आणि कणीक सुटायला एकच गाठ! वरण भिंतीवर, वरण त्यांच्या पांढऱ्या टोपीवर. मी मेलेच होते गं. त्यांनी टोपीवरचा दाणा बोटांत चुरला आणि म्हणाले, "शिजली की!"

सहदेव, म्हणजे मुलगा, पोट धरून हसत होता. "मले सांगा, हे झालं कसं?" खाली मान घालून बसायचं सोडून मी वर्गच घेतला. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, वरून हवा दाबते. स्पिरिटच्या कणांची पकड सैल, ते लवकर उकळतं. इथे डोंगरावर हवेचाच दाब कमी, म्हणून पाणी कमी तापूनही उकळतं आणि तेवढ्या उष्णतेत डाळ लवकर शिजत नाही. वाफ कोंडली की दाब वाढतो, पाणी जास्त तापतं. सहदेवरावांनी सगळं ऐकलं, वर शंकाही काढल्या. ते खाली पायथ्याशी परतवाड्याला लाकडाच्या डेपोत आहेत. म्हणाले, "शाळा सोडू नका. मीच वर येत जाईन."

निघताना किसनराव आत्याला म्हणाले, "आमचा होकार हाय. पण पोरीले इचारा." ताई, आजवर तीन स्थळं झाली, मला कुणी विचारलं नव्हतं! बाबांना हे लिहायला मला लाज वाटते, म्हणून तुला लिहितेय. त्यांना सांग, वच्छलाला मुलगा फार पसंत आहे. आणि हिवरखेडला बोलणी करायला जाताना एक नवी पांढरी टोपी न्यायला सांग.

तुझीच,
वच्छला